पट्टी कधी काढणार, तेही सांगा

गेल्या पावसाळ्यात दिव्याहून एक आई आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन ठाण्यात माझ्याकडे आली. मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. तिचे दोन्ही पाय ताठ असतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत, धरून उभे केले तर उभी राहते, पण बसली की पाठीला पोक येतो. फ्रॉकची बटणे काढली तेव्हा मणक्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून कमरेपर्यंत निळ्या, ताणल्या जाणाऱ्या कापडी पट्ट्या (किनेसिओ टेप) चिकटवलेल्या दिसल्या. त्यांच्या कडा सुटून काळ्या पडल्या होत्या, कडांना कपड्याचे धागे चिकटले होते आणि उजव्या पट्टीखाली घामोळ्यांची लाल रांग उठली होती. पट्टी लावल्याला तो नववा दिवस होता. खोबरेल तेल लावून, एका हाताने कातडी दाबून धरत मी ती बोट-बोट सोडवत होते, मुलगी रडत होती आणि आई मला विचारत होती, "मॅडम, निळी जास्त पॉवरची असते ना? आधी गुलाबी लावायचे."

निळ्या आणि गुलाबी पट्टीत रंगाखेरीज कोणताही फरक नसतो. कापड तेच, ताण तोच. हे तिला कोणी सांगितले नव्हते. घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या खासगी केंद्रात ती चार महिने जात होती, तिथली फाइल मी उघडून पाहिली. पट्टी कशासाठी लावली, तिच्यामुळे नेमके काय सुधारायला हवे, ते किती दिवसांत दिसायला हवे आणि दिसले नाही तर पुढे काय करायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या फाइलमध्ये नव्हते. पट्टी नियमाने बदलली जात होती आणि तिचे पैसे सेशनच्या पैशांखेरीज वेगळे घेतले जात होते. त्याच चार महिन्यांत मुलीच्या खुब्यांचा एक्स-रे मात्र एकदाही काढलेला नव्हता.

मी गेली चौदा वर्षे ठाणे-नवी मुंबईत लहान मुलांची फिजिओथेरपी करते आहे आणि ही पट्टी मीही वापरते, त्यामुळे तिच्यावर बंदी घाला असे मी म्हणणार नाही. मला आग्रहाने मांडायची गोष्ट एकच आहे. मुलाच्या अंगावर पट्टी लावणाऱ्या थेरपिस्टने, ज्या दिवशी ती पहिल्यांदा लावली त्याच दिवशी, हा उपाय कधी आणि कशावरून थांबवणार ते पालकांना लेखी दिले पाहिजे. आणि जिथे ते दिले जात नाही तिथे त्या पट्टीला उपचार म्हणू नये, तिचे पैसेही घेऊ नयेत.

ज्यांनी ही पट्टी फक्त क्रिकेट किंवा टेनिसच्या सामन्यात पाहिली असेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. जपानचे केंझो कासे यांनी १९७० च्या दशकात ती तयार केली. सुती कापडात लवचीक धागा विणलेला असतो, मागे उष्णतेने पक्के धरणारे चिकटद्रव्य असते आणि ती फक्त लांबीत, मूळ लांबीच्या जवळपास दीडपट ताणली जाते. बाजारात मिळणारी नेहमीची गुंडाळी ५ सेंटिमीटर रुंद आणि ५ मीटर लांब असते. घोटा मुरगळल्यावर लावतात त्या कडक पट्टीसारखी ही सांधा जखडून ठेवत नाही, हालचाल मोकळी राहते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी ५८ देशांच्या खेळाडूंसाठी ५० हजार गुंडाळ्या दान म्हणून दिल्या गेल्या. अमेरिकेची बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श हिच्या खांद्यावरची काळी पट्टी जगभरच्या टीव्हीवर दिसली आणि तिथून ती सर्वत्र पसरली. लहान मुलांच्या उपचारांत ती आली ती त्या लोकप्रियतेच्या मागोमाग, पुराव्याच्या मागोमाग नव्हे.

पट्टीच्या बाजूने जे दावे केले जातात ते ऐकायला पटण्याजोगे आहेत. पट्टी कातडीला किंचित उचलून धरते, तिच्याखाली बारीक वळ्या पडतात, त्यामुळे रक्ताचा आणि लसिकेचा (लिंफ या शरीरातल्या पातळ द्रवाचा) प्रवाह सुधारतो. एका दिशेने लावली तर स्नायू चेततो, उलट दिशेने लावली तर सैल पडतो. आणि कातडीतून मेंदूला सतत स्पर्शाची जाणीव मिळत राहिल्याने शरीराला आपल्या स्थितीचे भान येते. यातल्या वळ्यांच्या दाव्याची ब्राझीलमध्ये सरळ परीक्षा झाली. जुनाट कंबरदुखीच्या १४८ रुग्णांपैकी निम्म्यांना ताण देऊन, वळ्या पडतील अशी पट्टी लावली आणि उरलेल्यांना ताण न देता, वळ्या न पडता नुसती चिकटवली. दोन्ही गटांना सारखाच आराम वाटला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीच्याच सुमारास त्या संशोधकांनी हाडे-स्नायूंच्या दुखण्यांवरच्या डझनभर चाचण्यांचा आढावाही घेतला आणि रोजच्या उपचारांत ही पट्टी वापरण्याला उपलब्ध पुरावा आधार देत नाही, असा निष्कर्ष काढला. स्नायू चेतवण्याच्या दाव्याचे हाँगकाँगमध्ये काय झाले ते तर फार बोलके आहे. पट्टीविषयी काहीही माहीत नसलेल्या निरोगी माणसांना, तुमच्या मांडीवर स्नायूंचे मापन करणारे सेन्सर चिकटवतो आहोत असे सांगून पट्टी लावली आणि ताकद मोजताना त्यांचे डोळे बांधले. पट्टी ताणून लावलेली असो, खोटीखोटी लावलेली असो की मुळीच नसो, मांडीच्या ताकदीत फरक पडला नाही.

हे सगळे मोठ्यांचे. मुलांच्या बाबतीत पुरावा आणखी तोकडा आहे आणि जो आहे तो प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या ३१ मुलांवर तुर्कस्तानात झालेली, २०११ साली प्रसिद्ध झालेली चाचणी पट्टीचे समर्थक नेहमी पुढे करतात. बारा आठवड्यांच्या त्या चाचणीत पट्टी लावलेल्या मुलांची बसण्याची ढब सुधारली हे खरे. परंतु त्याच अहवालात असेही आहे की मुलांची एकूण हालचालीची क्षमता किंवा रोजच्या कामांतले स्वावलंबन यांवर पट्टीचा थेट परिणाम दिसला नाही. मान एका बाजूला कललेल्या तान्ह्या बाळांवर तुर्कस्तानातच आणखी एक छोटी चाचणी झाली, तिच्यात व्यायामाच्या जोडीला पट्टी लावून जादा फायदा मिळाला नाही. काही अभ्यासांत हाताच्या वापरात सुधारणा दिसली आहे, तीही मी नाकारत नाही. मात्र या सर्व अभ्यासांत मुले थोडी आहेत, पाठपुरावा काही आठवड्यांचा आहे आणि पट्टी प्रत्येक वेळी नेहमीच्या थेरपीच्या जोडीला लावलेली आहे. नुसत्या पट्टीने मूल चालू लागल्याचे कोणीही दाखवलेले नाही. सेरेब्रल पाल्सीत ताठरपणाचे मूळ मेंदूत असते. पाठीवरचे कापड तिथवर पोचत नाही.

मग ती इतकी का लावली जाते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आधी स्वतःकडे पाहावे लागले. सुरुवातीच्या काळात दोन दिवसांची कार्यशाळा करून आल्यावर मी जवळजवळ प्रत्येक मुलाला पट्टी लावत असे. पुढे त्या वर्षांच्या नोंदी मी पुन्हा काढून वाचल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी "बसणे सुधारले" एवढेच लिहिलेले आढळले. किती सेकंद आधाराविना बसले, आधी किती सेकंद बसत होते, पट्टी काढल्यावर किती, यांतले काहीही नव्हते. ती सुधारणा पट्टीची होती, व्यायामाची होती की मूल चार महिन्यांनी मोठे झाले त्याची होती, हे मला आज सांगता येत नाही. मुले वाढतच असतात. आजारी मूलसुद्धा आपल्या गतीने पुढे सरकत असते, आणि त्या काळात त्याच्या अंगावर जे काही असेल त्याला आपण श्रेय देऊन मोकळे होतो.

पालकांच्या बाजूने पाहिले तर कारण आणखी खोल आहे. व्यायाम दिसत नाही, पट्टी दिसते. ताठ पोटऱ्या ताणून धरताना किंवा उभे राहण्याचा सराव घेताना मूल रडते, घरातली वडीलधारी मंडळी "कशाला रडवतेस लेकराला" म्हणून सुनेला बोलतात, आणि महिनाभर रोज तासभर घाम गाळून दिसणारा बदल बोटभर असतो. पट्टी मात्र दहा मिनिटांत लागते, मूल रडत नाही, आणि संध्याकाळी कामावरून आलेल्या बापाला फ्रॉक वर करून दाखवता येते की आज थेरपी झाली. जिच्याकडे उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त येतात, लोकलच्या डब्यात अनोळखी बायकासुद्धा जिला "हिला काय झालंय?" म्हणून विचारतात, त्या आईला ही निळी रेघ केवढा आधार देत असेल, हे मी समजू शकते. त्या आधाराची टिंगल करण्याचा मला अधिकार नाही. परंतु तो आधार आईला मिळतो आहे आणि त्याचा खर्च मुलीच्या वेळेतून होतो आहे, हे तिला सांगणे हे माझे काम आहे. सुधारणा झाली की नाही हे सहसा पालकांनाच विचारून लिहिले जाते आणि आशा लावून बसलेल्या आईला सुधारणा दिसणारच. म्हणून तर मोजमाप हवे.

वेळेचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण पट्टीविषयी बोलताना "फायदा नसेल, पण नुकसान तर नाही ना?" असे सहज म्हटले जाते. कॅनडातील ओंटारिओमध्ये सेरेब्रल पाल्सीच्या ६५७ मुलांच्या हालचालींचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन २००२ साली वाढीचे आलेख प्रसिद्ध झाले. सौम्य त्रास असलेली मुले आपल्या आवाक्यातल्या कमाल हालचालीच्या क्षमतेचा ९० टक्के टप्पा सुमारे पाच वर्षांच्या आत गाठतात आणि सर्वांत तीव्र त्रास असलेली मुले पावणेतीन वर्षांच्या आसपास, असे ते आलेख दाखवतात. म्हणजे साडेतीन वर्षांच्या मुलीच्या आयुष्यातले चार महिने हे चाळिशीतल्या माणसाच्या गुडघेदुखीतले चार महिने नव्हेत. या वयात ज्याचा उपयोग होतो त्याविषयी बराच भरवशाचा पुरावा आहे: मुलाने स्वतः करायची, त्याला हवीशी वाटणारी, ठरावीक ध्येयाची हालचाल पुन्हा पुन्हा करून घेणे, एक हात दुबळा असेल तर दोन्ही हातांनी करायच्या कामांचा भरपूर सराव देणे, आणि घरी करायच्या सरावाची आखणी आईवडिलांना बरोबर घेऊन करणे. यांतले काहीही गुंडाळीत मिळत नाही. दिव्याला सकाळच्या लोकलमध्ये मुलाला कडेवर घेऊन चढणे काय असते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या आईच्या आठवड्यातल्या दोन फेऱ्यांची किंमत वेगळी सांगायला नको. त्या दोन फेऱ्यांत तिच्या हातात काय पडते, हा माझा प्रश्न आहे.

खुब्यांचा उल्लेख मी सुरुवातीला मुद्दाम केला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातल्या पाहणीत सेरेब्रल पाल्सीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांचा खुबा जागेवरून सरकलेला आढळला. स्वतःहून चालणाऱ्या, सौम्य त्रासाच्या मुलांत हे प्रमाण नगण्य होते आणि बसताही न येणाऱ्या मुलांत ९० टक्क्यांपर्यंत गेले होते. सुरुवातीला हे सरकणे दुखत नाही, दिसत नाही, ते फक्त एक्स-रेत कळते. स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा मुलांच्या खुब्यांची ठरलेल्या वेळी तपासणी होते आणि तिथे खुबा पूर्ण निखळण्याचे प्रकार जवळपास थांबले आहेत. एका एक्स-रेला चार पट्ट्यांइतकाही खर्च येत नाही. तरीही आपल्याकडे पाठीवर पट्टी असलेली आणि खुब्याचा एकही एक्स-रे नसलेली मुले भेटतात, आणि ती एकदोन नाहीत.

आता कातडीविषयी. मुलांची त्वचा मोठ्यांपेक्षा नाजूक असते, मुदतीआधी जन्मलेल्या बाळांची तर फारच. पट्टी ओढून काढली तर वरचा थर सोलून निघू शकतो. ठाण्याच्या जून ते ऑक्टोबरच्या दमट हवेत पट्टीखाली घाम साचतो. ती तीन ते पाच दिवसांच्या वर ठेवायची नसते, आणि ताप असताना, पुरळ किंवा जखम असताना लावायचीच नसते. ज्या मुलाला बोलता येत नाही, ज्याचा हात पाठीपर्यंत पोचत नाही, त्याला खाज सुटली हे कळणार कसे? ते किरकिरते, आणि किरकिर हा त्या मुलाचा स्वभाव आहे असे समजून आपण दुर्लक्ष करतो. म्हणून आधी बोटभर तुकडा लावून दिवसभर पाहणे ही सौजन्याची नव्हे, नियमाची बाब असायला हवी. त्यात स्पायना बायफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळणे) असलेल्या मुलांना लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची ॲलर्जी होण्याचा धोका फार मोठा असतो. चांगल्या पट्टीत लेटेक्स नसते, पण वेष्टनावर काहीही न छापलेल्या, ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त गुंडाळीत काय आहे ते कोण सांगणार?

मी पट्टी कुठे वापरते तेही सांगते, नाहीतर हा लेख एकांगी होईल. कोपरखैरण्याचा एक पाच वर्षांचा मुलगा उजव्या हाताचा अंगठा तळहातात दुमडून ठेवत असे आणि त्यामुळे त्याच्या हातात चमचा राहत नसे. अंगठा बाहेर राहील अशी पट्टी मी लावली, आणि आई, तो आणि मी अशा तिघांनी मिळून ठरवले की दोन आठवडे रोज दुपारचा वरणभात त्याने त्याच हाताने खायचा. पहिल्या दिवशी तोंडापर्यंत न सांडता तीन घास पोचले. ते आईने कॅलेंडरच्या चौकटीत लिहिले आणि पुढे रोज लिहीत गेली. चौदाव्या दिवशी पट्टी लावणे थांबवले आणि पट्टीविना घास मोजले तेव्हा ते अकरा भरले. पट्टी तिथे संपली. सराव चालू राहिला. या सुधारणेत पट्टीचा वाटा किती आणि रोजच्या सरावाचा किती, हे एका मुलावरून ठरवता येणार नाही. पण पट्टीने त्या मुलाला एक संधी मिळवून दिली आणि ती संधी वापरली जाते की नाही याचा हिशेब कोणीतरी ठेवला, एवढे नक्की. त्याच काळात आणखी एका मुलीला खांद्यासाठी लावलेली पट्टी मी दहाव्या दिवशी बंद केली, कारण आकड्यांत काहीच हलले नव्हते. तिच्या आईला वाईट वाटले आणि तिने मला विचारले की आता तुम्ही हात टेकलेत का. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यात माझा अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास मी थेरपीतच धरते.

हा प्रश्न एका-दोघा थेरपिस्टच्या सद्बुद्धीवर सोडून चालणार नाही. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांच्यासाठी राज्य परिषद आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यानेही आमच्या व्यवसायाला नियमांच्या चौकटीत आणले आहे. नोंदणी करणे आणि नूतनीकरण करणे याच्या पुढे जाऊन, मुलांवर अशी साधने वापरताना किमान काय लिहिले पाहिजे याचा एक पानी नमुना परिषदेने द्यावा: मोजता येईल असे एक ध्येय, सुरुवातीचा आकडा, त्वचेची चाचणी, पट्टीचा वेगळा खर्च आणि थांबवण्याची तारीख. तो नमुना पालकांना वाचता येणाऱ्या भाषेत असावा आणि त्यावर त्यांची सही असावी. मुंब्रा-दिव्यात किंवा दिघ्यात राहणाऱ्या आईला इंग्रजी संमतिपत्रावर सही करायला लावणे ही संमती नव्हे. पॅकेजमध्ये पट्टी आधीच धरून दहा-वीस सेशनचे पैसे एकदम घेण्याची पद्धत तर बंदच झाली पाहिजे, कारण जिचे पैसे आधी घेतले ती पट्टी बंद करण्याचे धैर्य कोणत्याही केंद्राला होत नाही.

सरकारी आणि पालिकेच्या केंद्रांनी यात पुढाकार घ्यावा असे मला वाटते, आणि ते त्यांना जमण्यासारखे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमध्ये झाली, आणि पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. त्या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना पुढे पाठवतात. नवी मुंबई महानगरपालिकेचे वाशीचे ईटीसी केंद्र अनेक वर्षे दिव्यांग मुलांसाठी काम करते आहे. या यंत्रणेतून जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कार्डावर खुब्याच्या एक्स-रेची तारीख आणि चालू उपायाची थांबवण्याची तारीख अशा दोन चौकटी वाढवायला वेगळा निधी लागत नाही. पालिकेच्या केंद्रात अशी चौकट भरली जाते हे पालकांना ठाऊक झाले की खासगी केंद्रातही ते ती मागू लागतील, आणि पालकांनी मागितल्याशिवाय आमच्या व्यवसायात फारसे काही बदलत नाही हे मी चौदा वर्षे पाहिले आहे.

दिव्याच्या त्या मुलीच्या पाठीवरची घामोळी आठवडाभरात गेली. खुब्यांचा एक्स-रे त्याच आठवड्यात काढला; डावा खुबा थोडा सरकू लागला आहे, आता हाडांच्या डॉक्टरांकडे दर सहा महिन्यांनी जायचे ठरले आहे. आई आता स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ मुलीला उभे करून तिच्याकडून मटार सोलून घेते आणि किती मिनिटे उभी राहिली ते मोबाइलमध्ये टिपते. गेल्या महिन्यात ती मला म्हणाली की पट्टी नाही म्हटल्यावर सासूबाई पहिले पंधरा दिवस बोलत नव्हत्या, आता मटारची टोपली त्याच आणून ठेवतात.